कुंडी क्रमांक सत्तेचाळीस

महाराजबागेतला बिबट्या खाकरतो सकाळी सातला,
तेव्हा मी काट्यावर कुंड्या चढवत असते.
साठ कुंड्या. वर प्लॅस्टिकचं छप्पर.
पाऊस नागपूरभर पडतो,
इथं तेवढी त्याला मनाई.

पहिल्या वीसजणींना तहान दिली जुलैत,
तीन-चार पानांवर होत्या तेव्हा.
त्यांनी माना टाकल्या,
पाणी दाखवताच उचलल्या.
जरा बुटक्या राहिल्या, बस.

दुसऱ्या वीस फुलावर.
जांभळं फूल, तांदळाच्या कणीएवढं,
पानाच्या बगलेत लपलेलं.
गळालेली रोज चिमट्यानं वेचायची
आणि वहीत लिहायची:
एकोणीस. सव्वीस. एकतीस.
पण सोयाबीन चिवट,
पाणी मिळालं की पुन्हा फुलायला घेतं
जणू मधले दहा दिवस कुणी मोजलेच नाहीत.

तिसऱ्या वीसजणींचं पाणी तोडलं
शेंगेत दाणा भरताना.
झाड तक्रार करत नाही या वयात.
शेंगा मोजल्या तर तेवढ्याच.
फक्त बोटांत धरली की शेंग
रिकाम्या पाकिटासारखी लागते.
आणि आता फूल नाही कुठंच,
पुन्हा सुरुवात करायला.

मारबतीचा दिवस. इतवारीकडं ढोल.
सत्तेचाळीस नंबर काट्यावर ठेवली:
नऊ किलो.
काल आठ किलो दोनशे होती.
मी काटा पुसला. पुन्हा ठेवली.
नऊ.
मातीला हात लावला, गार.

चिंधूजी पाइप गुंडाळत होते,
नको तितका नीट.
मी काही विचारण्याआधीच म्हणाले,
"दाना भरून रायला होता, मॅडम."
मग थोड्या वेळानं,
"एकच लोटा देल्ला."

मी सरांना सांगितलं, माती गळकी असेल.
सर म्हणाले, वगळा.

ऑक्टोबरात मळणी, चिमूट-चिमूट.
तिसऱ्या गटाचे शंभर दाणे: आठ ग्रॅम, सुरकुतलेले.
तक्त्यात सत्तेचाळीसच्या चौकटीत एक आडवी रेघ,
खाली बारीक अक्षरात: नोंद ग्राह्य नाही.

तिचेही शंभर मी मोजले होते,
कुणी सांगितलं नसताना.
अकरा ग्रॅम.

चिंधूजींच्या तळहातावर ओतले.
किती भरले, त्यांनी विचारलं नाही.
मूठ मिटली, कानाशी नेली,
हलवून ऐकली.