पत्ता : साखर पेठ

केस पेपरवर पत्ता सांगताना मी अडखळतो.
खिडकीतली बाई एकदा हसली होती,
'साखर पेठेत राहता, मग दुसरं काय होणार?'
मीही हसलो.
त्या दिवसापासून सांगतो, कन्ना चौकाच्या मागे.

एकोणतीस वर्षं वहिफणी केली.
तुटलेलं सूत अंधारात, नुसत्या बोटांना सापडायचं.
जॉबर म्हणायचा, यमुलच्या बोटांना डोळे आहेत.
आता त्याच बोटांना रोज सकाळी टोचतो,
थेंब पट्टीवर ठेवतो
आणि यंत्र आकडा दाखवेपर्यंत
निकालाच्या दिवशीचा पोरगा होतो,
शाळेच्या भिंतीला पाठ लावून.
दोनशे चाळीस.
काल काय खाल्लंत, बायको विचारत नाही,
डब्याचं झाकण जरा जोरात लावते.

वहीत मी एकशे तीस लिहितो.
डॉक्टर वही बघून म्हणतात, शाब्बास राजेशम.
ती शाब्बासकी घरी आणतो
कारखान्यातून लपवून आणलेल्या चादरीसारखी,
अंगावर घेता येत नाही.

गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते.
दुपारपाळीत हात थरथरायला लागले.
घाम. मागांचा खडखडाट लांब गेला,
जणू कुणी सगळा कारखाना उचलून
तलावापलीकडे नेऊन ठेवला.
एका धाग्याचे दोन, दोनाचे चार.
मालक म्हणाला, 'भरदिवसा घेतलास काय बे?'
मी मान हलवली.
हो म्हणालो.
दारुडा म्हणवून घेणं सोपं वाटलं.
दारू सोडता येते, लोकांना ठाऊक असतं.

तेव्हापासून जिना उतरताना कठडा धरतो.
लग्नात पंगतीला बसत नाही, पोट बिघडलंय म्हणतो.
गाठ मारतो, ओढून बघतो,
दोन पावलं जातो, परत येऊन ओढून बघतो.
गाठ सुटलेली नसते.
तरी तिसऱ्यांदा हात जातोच.

एक शिकाऊ पोरगा आलाय, मल्लिनाथ, वळसंगचा.
काल चहाच्या सुट्टीत त्याला गाठलं.
ऐक, म्हणालो, मला साखर आहे.
कधी मी उगाच चिडलो, घामाघूम झालो, बरळलो,
तर सदऱ्याच्या खिशात गुळाचा खडा असतो.
आधी तो तोंडात घालायला दे. मालकाला मग सांग.
एवढं बोलायला चार वर्षं लागली.
शब्द तेलुगूत जुळवून ठेवले होते,
निघाले मराठीत, तेही तुटक.

मल्लिनाथ शेंगा सोलत होता.
'कुठल्या खिशात?'
डाव्या.
'बरं.'
टरफलं झटकून तो उठला,
तीन नंबरचा माग थांबला होता.

आज सकाळी एकशे नव्वद.
वहीत एकशे लिहिलं, पेन थोडं थांबलं,
मग नव्वद लिहिलं.
पान उलटून सुरुवातीला आलो.
नाव आहे, वय आहे, फोन आहे.
पत्त्याची ओळ
अजून कोरीच.