शटरिंग

सेवासीच्या पुढे, एरंडाच्या शेताला लागून
एक राखाडी खोकं.
मी म्हणालो, "गिलावा राहिलाय का रे, इग्नास?"
इग्नास मॅकवान हसला.
"ना साहेब. एवढंच आहे."

बांधकाम खात्यात एकतीस वर्षं
मी भिंतींचे भाव काढले.
गिलावा, पुट्टी, रंगाचे हात
(कागदावर तीन, भिंतीवर दोन).
इथे त्या सगळ्या रकान्यांत शून्य,
आणि तरी हा म्हणतो, महाग पडलं.

दाराशी चपला काढायला वाकलो.
"रेवा दो ने," तो म्हणाला. तरी काढल्या.
आत पाऊल टाकताना उजवा हात
आपला आपण वर गेला, घंटेसाठी.
तिथे हवा होती.
मग तोच हात केसांवरून फिरवला,
जे फारसे उरलेले नाहीत.

बारा बाकं. एक दगडी मेज.
वरच्या फटीतून उन्हाची पट्टी,
फरशीवर, पुसायची राहून गेल्यासारखी.
दांडिया बाजारात आमच्या दत्ताकडे
डोळ्यांना केवढं काम असतं:
हार, समया, कोण कोण आलंय,
देणगीदारांची नावं संगमरवरात, रकमेसकट.
इथे डोळे नुसते बसून राहिले
निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारसारखे.

"हात लावा," इग्नास म्हणाला.
लावला.
थंड काँक्रीट, आणि त्यात लाकडाच्या रेषा,
गाठीसुद्धा,
एका गाठीभोवती रेषा वळसा घालून गेलेल्या
ओढ्यातल्या दगडाभोवती पाणी जावं तशा.
"सागवान कुठून आणणार?
मकरपुऱ्यात मशिनं उतरली, त्यांची खोकी.
देवदार. स्वस्त."
आणि आता कुठे आहेत फळ्या?
"चुलीत. दाहोदच्या बायकांनी
रोटले भाजले त्यावर. दोन महिने पुरल्या."

मग बाकामागे वाकून
त्याने बोटाने दाखवला एक बाण.
खोक्यावर डागलेला असतो ना,
ही बाजू वर,
तोच. काँक्रीटमध्ये उठून आलेला,
अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी.
आर्किटेक्टबाई म्हणाल्या, घासून टाका.
फादर म्हणाले, असू दे.
"तुमच्या ध्यानात नाही आला तेव्हा?"
"आला. पण स्लॅबची गाडी उभी होती,
माल घट्ट होत होता."

फळी आडवी लावलेली, म्हणून बाणही आडवा.
वर नाही, मेजाकडे नाही.
एकतीस वर्षांची सवय, मी रोख धरून पाहिलं
एक डोळा मिटून:
बाकांच्या कडेकडेने, उन्हाची पट्टी ओलांडून,
उघड्या दारातून बाहेर,
जिथे एक कुत्रं
माझी डावी चप्पल हुंगत होतं
आणि अजून
काही ठरवत नव्हतं.