पाडव्याची मुकी गाडी

राजदूत विकली त्याला आठ महिने झाले.
भंगारवाल्यानं वजनावर नाही, दयेवर पैसे दिले.
तात्या त्या दिवशी जेवले नाहीत.
म्हणाले, ढेकर येतायत.

मी कर्ज काढून विजेची गाडी घेतली होती,
पन्हाळा-जोतिबाच्या फेऱ्या मारायला. पांढरी.
रात्री गोठ्याच्या भिंतीला चार्जिंगला लागते
आणि काजळी तिच्याकडं
नव्या सुनेकडं बघावं तशी बघत रवंथ करते.

मग दिवाळीचा पाडवा.
शिंगांना हिरवा ऑइलपेंट, मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्या,
पाठीवर केस कातरून काढलेलं पुतणीचं नाव.
अख्ख्या गंगावेशीत म्हशी
आपापल्या मालकाच्या पुंगळी काढलेल्या फटफटीमागं
पळत सुटलेल्या.

मी गाडी सुरू केली. म्हणजे बटण दाबलं.
सुरू झाली का नाही, हे मलाच पडद्यावर वाचावं लागलं.
हळू चालताना वाजायला कंपनीनं एक आवाज दिलाय,
रस्त्यातल्या माणसांना कळावं म्हणून:
लांब कुणीतरी रिकाम्या कळशीत फुंकतंय, असा.
मेन्यूत आणखी दोन होते.
एक पाण्यात बुडालेल्या शंखाचा,
एकाचं नाव नुसतंच ‘स्पोर्ट’.

काजळीनं तिन्ही ऐकले.
शेण टाकलं.

‘आरं उत्तम्या, म्हशीला आदी चार्जिंग कर!’
गल्ली हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार.

तेवढ्यात तात्यांनी पुढचं दार उघडलं.
आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या सीटवर बसले,
काच खाली घ्यायला लावली, मुंडकं बाहेर काढलं, आणि

टर्र-टक्, टर्र-टक्, टर्रर्र

बावीस वर्षांची राजदूत तात्यांच्या तोंडातून.
सैल मडगार्डाचा खुळखुळाट होता त्यात,
दुसऱ्या गिअरला हटकून येणारी उचकी,
प्लगमध्ये पाणी गेल्यावरची कुरकुरसुद्धा.
चौथीत मी टाकीवर बसून शाळेला जायचो,
ते सगळे खड्डे ओळखीचे निघाले.

काजळीचे आधी कान आले. मग ती.

शुक्रवार पेठेतनं नदीकडं.
पडदा म्हणत होता, अजून दोनशे अकरा किलोमीटर.
तात्या तोरस्कर चौकापर्यंत पुरले.
तिथं दम संपला, चेहरा वांग्यासारखा,
आणि मी घाबरून पाय उचलला.

पाय उचलला की ही गाडी आपली आपणच अडते,
ब्रेक न लावता.
हे काजळीला कोण सांगणार?
शिंग डिकीला.
तो हिरवा ओरखडा अजून आहे, वीतभर.
पॉलिशवाल्याकडं नेईन म्हणतो, नेत नाही.

पुढं घाटाचा उतार.
‘आता गप बसा तात्या. उतारावर ही बॅटरी भरून घेती,
वाया जाणारं परत गोळा करती.’
‘किती?’
‘पन्हाळ्यावरनं उतरताना दोन-तीन टक्के. हितं काय न्हाई, जरासं.’
तात्यांनी थोडा वेळ चाकांकडं कान दिला.
‘म्हंजे मापाला चिकटल्यालं दूध
परत किटलीत.’

मग खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून
ते उतारभर श्वास गोळा करत राहिले.
गाडीत कुणीच काही वाजवत नव्हतं.
मी आरशात बघितलं:
काजळी येतच होती मागनं, सावकाश, कवड्या हलवत.

घाटावर पोचलो तेव्हा तात्यांच्यात
एका हॉर्नपुरती हवा जमली होती.
ती त्यांनी वाजवून टाकली.

रात्री फराळाला बसल्यावर सगळ्यांचा एकच वाद:
म्हैस इतकी वर्षं पळायची ती फटफटीमागं का तात्यांमागं?
तात्या चकली मोडत म्हणाले, ‘तिला इचारा.’

पहाटे, अजून अंधार होता,
तात्या परसात खोकले.
गार इंजिनाला किक मारावी तसं:
दोनदा नुसतंच, तिसऱ्यांदा लागलं.

गोठ्यात साखळी ताणल्याचा आवाज झाला.

भिंतीशी गाडी उभी होती. हिरवा दिवा,
शंभर टक्के, गप्प.