घडणी

काल खोकी कापली. बर्नाबेने दुधाचं आणलं होतं,
कोपरे चेपलेलं, आत अजून एक पांढरा थेंब.
सायदाने चुलत्याच्या बुटांचं.
फ्लोरिंदाकडे खोकंच नव्हतं, म्हणून तिने
बापाच्या दिव्याच्या बॅटरीचा पुठ्ठा आणला,
त्यावर खाणीचा काळा अंगठा.

वाय्याकांचा. शाळेवर पत्रा,
गारा पडल्या की गणित थांबतं.
आज गारा नाहीत. आज घन.
सहा सारखे चौरस, पिठाच्या खळीने जोडलेले,
रात्रभर चुलीमागे वाळलेले.

मी म्हणाले, मोडायचा नाही, उलगडायचा.
कात्री कडेने न्या, चौरसाच्या पोटातून नको.
सगळा बाकावर पालथा निजला पाहिजे
आणि एकही तुकडा सांडता कामा नये.

बर्नाबेचा क्रूस झाला.
सायदाचा जिना.
कुणाचं दांडा मोडलेलं खोरं,
कुणाचा लामा, मान एकीकडे वळवलेला.
हे सगळे घनच का, बाई?
मिटून बघा.
मग असे किती असतील?
मी फळ्याचा अर्धा भाग रिकामा सोडला.
शुक्रवारपर्यंत अकरा भरले.
बारावा अजून रोज कुणीतरी धापा टाकत आणतं
आणि तो आधीच्याच एकाची पाठ निघतो.

बर्नाबे कात्रीला जपून. सहाच काप देऊन बघतो,
घन आ वासून बसतो, अंग काही टाकत नाही.
फ्लोरिंदाने आठ दिले, एक चौरस थेट बाकाखाली.
मग बोटं मोडून मोजलं आम्ही:
कडा बारा. सात सोडायच्या, पाच धरायच्या.
क्रूस असो, जिना असो, लामा असो,
सातच.

त्रिकोणांच्या दिवशी थंडी जास्त होती,
खळ बोटांवरच गोठत होती.
चारांचा झाला, आठांचा झाला,
वीसांचा मात्र मांडीवर घेऊन करावा लागला.
सायदाने एका टोकाशी सहा त्रिकोण आणले.
टोक उठेना. चटईसारखे पसरून राहिले सहाही.
एक काढ, म्हणाले. आता फट मिट.
कोपरा उभा राहिला.
सायदा बराच वेळ त्या काढलेल्या त्रिकोणाकडे बघत होती.
बाई, म्हणजे जागा थोडी कमीच पडायला हवी?
मी हो म्हणाले. नंतर वाटलं,
हे सांगायला मला इतकी वर्षं का लागली.

आणि मग फ्लोरिंदाने रुमालाची गाठ सोडली.
सोनं नव्हे, सोन्याचं सोंग घेतलेला दगड,
बाप पाळीवरून येताना बुटात घालून आणतो तसला.
बारा तोंडं, प्रत्येक पंचकोनी.
कुणी चिकटवला हा, बाई?
कुणीच नाही.
वर्ग गप्प. शेवटच्या बाकावरचंही नाक ओढणं थांबलं.

कागद टेकवून आम्ही एकेक तोंड गिरवलं, पट्टी लावली.
चार बाजू जुळ्या बहिणींसारख्या, पाचवी लांब.
पुन्हा मोजलं. पाचवी लांबच.
फ्लोरिंदाचा चेहरा उतरला: चुकलाय हा?
चुकला नाही गं. पुस्तकातला नाही, एवढंच.
पुस्तकातल्याच्या पाचही बाजू सारख्या असतात,
तो आपण उद्या करू.
मला हाच करायचाय, ती म्हणाली.

तीन दिवस केला. बारा पंचकोन,
लांब बाजूला लांबच बाजू भेटेल असे.
एकोणीस कडा सुट्या, अकरा घड्या.
बॅटरीच्या पुठ्ठ्याचा अंगठा नेमका एका तोंडावर आला,
तो तिने बाहेर ठेवला.

मिटताना लक्षात आलं:
खळ लावायच्या पट्ट्या ठेवायलाच विसरली.
मी दोरा शोधू लागले.
दोरा नको, ती म्हणाली, सहाला पाळी सुटते.
आणि दोन्ही तळव्यांत तो बंद धरून निघाली,
नाक पुसायलाही हात न सोडता.
बर्नाबेने धावत जाऊन तिच्यासाठी दार उघडलं.