ढाळ

तुर्भ्याच्या दुकानात वालजीभाईंनी
फरशीचा एक नमुना जमिनीवर ठेवला,
बाटलीतलं पाणी ओतलं त्यावर
आणि म्हणाले, "बेन, चप्पल काढा. पाय सांगेल."

शालननं चपला काढल्या.
मे महिन्यात खुबा बदलला, त्यानंतर
ओल्या जागी मुद्दाम उभी राहण्याची
ही तिची पहिलीच वेळ.
मी हात पुढे केला.
तिनं तो घेतला नाही.

"ही चावते," ती म्हणाली.
दुसरी ठेवली. "ही शेवाळासारखी."
तिसरीवर ती जरा वेळ थांबली,
बोटं आखडून, सोडून.
"ही काही म्हणत नाहीये."
वालजीभाईंनी तिसरी पुसून बाजूला ठेवली,
भाव सांगितला नाही. जाणता माणूस.

मी तोवर राखाडी रंगात अडकलेलो.
अकरा राखाडी होते तिथे,
प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा दर.
वाकडहून रेवतीचा फोन:
"बाबा, पांढरी घ्याल तर केस दिसतील,
काळी घ्याल तर क्षार."
आणि काहीही घेतली
तरी खालच्या मजल्यावर नंबियार दिसतील,
ज्यांच्या छतावर आमच्या आंघोळींचा
नकाशा उमटलाय, बेटांसकट.

मोरबीची फरशी,
मोरब्याचं पाणी,
आणि मध्ये आमची सिडकोची मोरी, चार बाय सहा.
एवढ्या यमकावर बत्तीस वर्षं निघाली नेरुळात.

मागची फरशी मी निवडली होती.
एकट्यानं, ऑफिसातून येता येता.
चकचकीत, कुठल्याशा हॉटेलात पाहिलेली तशी.
लोक आले की मी मोरीचा दिवा लावून दाखवायचो.
त्या पहाटे आधी बादलीचा आवाज आला.
मग तिचा आला नाही.

ती हे कधी बोलली नाही.
इस्पितळात नाही, घरी नाही,
वॉकर घेऊन पॅसेज मोजताना नाही.
फक्त तेव्हापासून मोरीचं दार
नुसतं लोटलेलं असायचं,
आणि मी बाहेर पेपर धरून,
एकच पान.

सत्तार मिस्त्रींनी तीन दिवसांत सगळं फोडलं.
हॉटेल गोण्यांत भरून खाली गेलं.
तिच्याखाली निघाली सिडकोची जुनी शहाबादी,
कोपऱ्यात बादलीचं गोल वळं, गंजाचं,
मी विसरून गेलेलं.
शालन दारात उभी राहून बघत होती.
"ही बरी होती," एवढंच म्हणाली,
आणि चहा टाकायला गेली.

मी एकतीस वर्षं रबाळ्याला ड्राफ्ट्समन.
कागदावर ढाळ काढून दिला, एकास ऐंशी, बाणासह.
सत्तारनी तो घडी करून खिशात घातला
आणि नातवाची गोटी काढली.
ओल्या सिमेंटवर फळी टाकून गोटी सोडायचे,
ती जाळीकडे गेली की मान हलवायचे.
"फरशी कोणतीही घ्या साहेब," म्हणाले,
"पाण्याला जायचं कुठे ते आधी कळलं पाहिजे.
नाहीतर ते घरातच बसतं."

तरी एका कोपऱ्यात चुकलंच.
तळहाताएवढं पाणी थांबतं तिथे,
आकाश नसलेलं डबकं.
सत्तार म्हणाले, चार फरशा काढतो, परत बसवतो.
मी म्हटलं काढा.
शालन म्हणाली, राहू दे,
आणि अंगठ्यानं ते पाणी
जाळीकडे ढकलून दाखवलं,
एका पायावर, भिंतीला न धरता.

आज सकाळी सहाला
टॉवेल खांद्यावर टाकून ती आत गेली.
मी पेपर घेतला.
दार लोटलं गेलं.
मग आतून कडीचा आवाज आला.

पाणी पडतंय.
मी पान उलटलं आहे.