चैत्रात हीटर

शहरात काही होत नाही, दीदी, ओजस म्हणाला.
पलासियाच्या सिग्नलला दोन-दोन मिनिटं उभी असते,
काटा मध्यावर, हलत नाही.
पण सिमरोळ मागं पडलं, भेरूघाट लागला,
तिसऱ्यात पाय दाबला
की काटा उठतो.

हेच त्यानं माझ्याआधी चौघांना सांगितलं होतं.
एकानं थर्मोस्टॅट बदलला.
दुसऱ्यानं पाण्याचा पंप.
तिसऱ्यानं पंखा मोठा केला, शेजारी आणखी एक लावला.
चौथ्यानं तो नवा थर्मोस्टॅटही काढून टाकला
आणि डॉक्टरसारखा खाली बघत म्हणाला,
हेड गॅस्केट. इंजिन खोलावं लागेल.

देवास नाक्यावरच्या माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये
ती गाडी म्हणजे वाट चुकून आलेली श्रीमंत आत्या.
मोठा टर्बो, निळे पाइप,
आणि तोंडापुढं इंटरकूलर, पंगतीतली परात उभी करावी एवढा.
कंपनीचं म्हणून आता फक्त दरवाजे उरलेत,
हे तो अभिमानानं सांगत होता.

बाबा गिरणीत बॉयलरवर होते, गिरणी होती तोवर.
किती तापलं हे ते आधी विचारत नसत.
कधी तापलं? तेव्हा काय चाललं होतं?
माझ्या अंगात ताप असला तरी हेच:
शाळेत आला, का घरी आल्यावर?

टाकीच्या तोंडाशी काचेची नळी धरली.
आत निळं औषध. इंजिनातला धूर पाण्यात शिरत असेल
तर पिवळं पडतं.
दहा मिनिटं. वीस.
निळंच.
रात्रभर दाब देऊन ठेवला, सकाळी जसाच्या तसा.
ओजसनं लगेच घरी फोन लावला, इंजिन वाचलं.
मी अजून काहीच बोलले नव्हते.

मग घाट. स्कॅनर माझ्या मांडीवर.
ब्याण्णव. सत्त्याण्णव. एकशे पाच.
एकशे दहाला मी म्हटलं, हीटर लाव.
काय?
हीटर. पूर्ण.
चैत्रातली दुपार, बाहेर एकेचाळीस,
आणि आम्ही दोघं स्वतःहून भट्टीत,
त्याच्या भुवईवरून घाम स्टिअरिंगवर.
एकशे सात. एकशे चार.
म्हणजे पाणी फिरतंय.
उष्णता आणून उंबऱ्यावर ठेवतंय,
पण तिथून तिला न्यायला कुणी येत नाहीये.

आईच्या विणकामाच्या पिशवीतली लाल लोकर आणली.
बोटभर तुकडे रेडिएटरवर, कडेनं, खाली, सगळीकडे चिकटवले,
बंपरच्या आत मोबाइल बांधला
आणि बायपासवर ऐंशीनं दोन फेऱ्या.
व्हिडिओत कडेचे धागे पिसाट उडत होते.
रेडिएटरवरचे नुसते लोंबत होते,
संपावर बसल्यासारखे.

वारा येत होता सगळा.
परातीला थडकून बाजूच्या फटींतून निघून जात होता.
आत जायची बळजबरी त्याला कुणी केलीच नव्हती.

इथं काळं प्लास्टिक होतं ना, दोन्ही बाजूंना?
होतं. बसवणारा म्हणाला, उगाच वजन.
कुठंय?
ओजस जरा थांबला.
गच्चीवर. मम्मीनं त्यात पुदिना लावलाय.

पुदिना राहू दिला.
ॲल्युमिनियमचा पत्रा कापून भिंती केल्या, फटींत फोम ठासला,
इंटरकूलर चार बोटं खाली घेतला,
थर्मोस्टॅट परत जागेवर.
बिल तीन हजार दोनशे.
ते त्याला जरा लागलंच,
एवढ्या आजाराला एवढंसं औषध.

काल भेरूघाट चढून वर आलो.
अठ्ठ्याण्णव.
त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला, बॉनेटवर हात ठेवला,
चटका बसला, तरी हसला.
मी स्कॅनरच्या नोंदी मागं सरकवत होते.
मधल्या एका वळणावर एकशे एक दिसतंय, दोनच सेकंद.
का, माहीत नाही.
गुरुवारी आण म्हटलं.