भाग ड-९

रबाळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं
बादल्या काढल्या साच्यातून.
म्हणून खोका उघडल्यावर आधी वास घेतला,
मग सांगाडा उलटा धरून पाहिला:
पोटावर त्याच गोल खुणा,
इजेक्टर पिननं ढकललं की उठतात त्या.
ओळख पटली.

रणगाडा नव्हे. लढाईतला पाण्याचा टँकर,
पस्तीस पटींनी लहान.
निहार दोनदा विचारून गेला,
आजोबा, तोफ कुठे बसवणार?
नाही रे तोफ. हा मागून जायचा, पाणी घेऊन.
मग ह्याच्यावर बाँब पडायचे?
पडायचे.
तो जरा थांबला, मग बॅट घेऊन खाली गेला.

चाकांना चिखल हवा
म्हणून ऐरोलीच्या खाडीवरून डबाभर आणला,
गच्चीत वाळवला, चहाच्या गाळणीनं गाळला.
सुहासिनी म्हणाली, गाळणी आता तुमचीच.
खोक्यावरच्या चित्रात वाळवंट पिवळं आहे,
माझं काळपट, थोडं वासाचं.
असू दे.

काल रात्री भाग ड-९:
मागच्या फळीला टांगायची बादली,
ज्वारीच्या दाण्याएवढी.
कडी वेगळी, केसाएवढी,
चिमट्यातून दोनदा उडाली,
दुसऱ्यांदा सापडली बनियनवर.

पाळीला नऊशे निघायच्या,
एकीकडेही धड पाहिलं नसेल मी.
हिला कडी बसेपर्यंत श्वास धरून बसलो.
सव्वाअकरा वाजले.

वाळल्यावर दिव्याखाली उपडी धरली.
भिंग लावलं.
तळाला बारीकशी खूण.
कुणाच्या पाळीत निघाली असेल ही.